फेकलेली टोकं

बारा वर्षं मी कांद्याच्या मुळाचं टोक ब्लेडनं उडवून फेकत होतो आणि उरलेलं मूळ मुलांना मायक्रोस्कोपखाली दाखवत होतो.

ज्यांचा जीवशास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो, म्हणजे माझ्या गाढवपणाची उंची नीट मोजता येईल. मुळाची वाढ टोकाशी होते. एका पेशीच्या दोन पेशी होताना बघायच्या तर त्या टोकाच्या दोन मिलिमीटरांत. त्याच्या वर बघण्यासारखं काही घडत नाही. तिथल्या पेशी नुसत्या लांब होत पडून असतात, दुपारच्या सुट्टीतल्या बाबूंसारख्या. म्हणजे मी मांडव घालायचो, माणसं जमवायचो आणि नवरानवरीला मागच्या दारानं हाकलून द्यायचो. वर म्हणायचो, "नीट बघा, दिसेल."

कुणाला काही दिसलं नाही. बारा वर्षांत एकानंही तसं म्हटलं नाही. सगळ्यांनी पुस्तकातली चित्रं उतरवली आणि मी त्याखाली लाल शाईनं सही केली.

फेब्रुवारी आला की नाशकात लोकांना द्राक्षं आठवतात. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी स्कूटरच्या हँडलला लोंबतो, रस्त्यावर क्रेट भरलेल्या पिकअप धावतात, हवेत तो किंचित आंबूस गोड वास असतो. मला मात्र राग येतो. हा प्रात्यक्षिक परीक्षांचा मोसम. घरात कांद्याच्या टोपलीत हात घालावा तर एखाद्या कांद्याला बुडाशी पांढरी मुळं फुटलेली असतात आणि माझा उजवा अंगठा आपोआप वळवळतो. बायको म्हणते, "कांदा चिरायला मागितलाय, त्याच्याशी भांडायला नाही."

तिला काय सांगणार? भांडण कांद्याशी नाहीच.

त्या मोसमातली आमची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. खिडकीशी बाटल्यांची रांग, प्रत्येक बाटलीच्या तोंडावर एक कांदा बसवलेला, खाली पाण्यात म्हाताऱ्याच्या दाढीसारखी मुळं. स्पिरिटच्या दिव्याचा निळा जाळ. तापवलेल्या लाल रंगाचा आंबट, नाकात घुसणारा वास. तो बोटांना लागला की चार दिवस जात नाही. आणि टेबलावर जर्नलांचे गठ्ठे, तपकिरी कव्हर घातलेले, पोरींच्या जर्नलांवर स्टिकर चिकटवलेले.

जर्नल! या एका वहीवर माझा जेवढा राग आहे तेवढा शत्रूवरही नसेल. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर 'निरीक्षण'. निरीक्षण या शब्दाखाली जेवढं खोटं आमच्या महाविद्यालयांत लिहिलं गेलंय तेवढं कोर्टातही लिहिलं गेलं नसेल. थोरल्या बहिणीच्या जर्नलवरून धाकटी उतरवते, तिच्यावरून शेजारीण. एकदा एका जर्नलमध्ये थोरल्या बहिणीचं नावही उतरवलेलं होतं. मी त्यावर शेरा मारला होता, 'छान. पेन्सिल अजून टोकदार हवी.'

पेन्सिलीचं टोक मला कळत होतं, मुळाचं नाही.

आता ही अक्कल मला आली कुठून, तेही सांगायला हवं. मी काही जन्मतः मूर्ख नव्हतो, शिकून झालो. मी विद्यार्थी होतो तेव्हा आमचे सर टेबलापाशी प्रयोग करून दाखवायचे आणि आम्ही चाळीस जण भोवती उभे. पुढचे पाच-सहा बघायचे, बाकीचे पुढच्यांच्या माना बघायचे. मी मागच्या रांगेत. मला सरांच्या कोपराच्या फटीतून एवढंच दिसलं की त्यांनी ब्लेडनं काहीतरी टचकन उडवलं आणि म्हणाले, "हे नको." ती होती मुळाच्या अगदी शेंड्यावरची टोपी, नखाच्या मळाएवढी. मला वाटलं, तो गडद रंगलेला शेंडाच नको. तेवढं मनात धरून मी परीक्षा पास झालो, पुढे एम.एस्सी. झालो, नव्वदच्या दशकात नोकरीला लागलो आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन "हे नको" म्हणत तेच टचकन उडवू लागलो. आता माझ्या भोवती चाळीस जण. पाच-सहा बघतायत, बाकीचे माना बघतायत. परीक्षेच्या दिवशी आम्ही विकत आणलेली तयार स्लाईड मायक्रोस्कोपखाली लावून ठेवायचो. तीत सगळं दिसायचं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

कुणाचं काही अडत नाही, हाच आमच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा रोग आहे.

अडलं ते वैशालीचं. चांदवडकडच्या एका खेड्यातली मुलगी, उंचीनं एवढीशी. वडील कांदा करायचे. शेवटच्या वर्षाला होती. या प्रयोगाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला तिनं बाटल्यांवरचे कांदे उचलून बघितले आणि नाक मुरडलं.

"सर, हे कांदे कुठून आणले?"

"मंडईतून. का?"

"हा नवा लाल कांदा हाय. झोपलेला असतो तो. आठ दिवस बसा, मूळ नाय फुटायचं. कांद्याच्या चाळीच्या तळाचा जुना लागतो, मोडावर आलेला. मी आणते."

पुढच्या खेपेला तिनं पिशवीभर आणले. तीन दिवसांत बाटल्यांना दाढ्या फुटल्या. आमचे प्रयोगशाळेतले पगारे मामा, जे माझ्याही आधीपासून तिथं होते, खूश होऊन म्हणाले, "सर, यंदा कांदा शिकलेला आला."

मी प्रयोग दाखवला. टचकन उडवलं. "कळलं?" म्हणालो. सगळे "हो सर." ती म्हणाली, "नाय कळलं, सर. मला तुमच्या कोपराशिवाय काही दिसलंच नाय. दोन वर्षं मी तुमचे कोपरच बघतेय."

पोरं हसली. मीही हसलो. मग तीच म्हणाली की तिचा मावसभाऊ अंबडला कारखान्यात आहे, त्याच्याकडे कॅमेरावाला मोबाईल आहे, त्याच्या सुट्टीच्या दिवशी तो देईल. सरांचे हात जवळून चित्रित करायचे, मग सगळ्यांनी कॉम्प्युटरवर सावकाश बघायचं. कॉलेजात मोबाईलला बंदी होती. जिन्यापाशी फलकच होता. पण माझं चित्रण होणार म्हटल्यावर मला फलक दिसेनासा झाला. "माझी परवानगी आहे," मी ऐटीत म्हणालो.

त्या दिवशी मी नवा शर्ट घातला, केस कापून आलो, दाढी दोनदा केली. चित्रणात फक्त माझे दोन हात आले. नखं वाढलेली होती.

विभागाच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी माझेच हात समोरून बघत होतो. वैशालीनं मध्येच चित्र थांबवलं. पडद्यावर ब्लेडच्या टोकाशी लालभडक ठिपका होता, बाजूला ढकललेला.

"सर, पुस्तकात म्हणतात सगळ्यात गडद भाग घ्या. तुम्ही तर तोच काढून टाकताय."

"ती टोपी असते," मी म्हणालो.

"एवढी मोठी?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, माझं लेक्चर आहे. लेक्चर नव्हतं. लेक्चर नसताना लेक्चर आहे म्हणण्यात प्राध्यापकाचा हात कुणी धरणार नाही.

मी गेल्यावर तिनं दुसरं चित्रण केलं. मी फेकलेलं टोक टेबलावरून उचललं, काचपट्टीवर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं, मायक्रोस्कोपखाली सरकवलं आणि मोबाईल भिंगावर धरला. थरथरतं, मिनिटभराचं चित्र. तिचा आवाज येतो: "हे सरांनी दाखवलेलं मूळ. काय दिसतंय? नुसत्या विटा. आता हे सरांनी फेकलेलं टोक. बघा. ही गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहिलीत. ही दोन्हीकडं ओढली चाललीत. ही बघा, झाल्या दोन." मागून पुरुषी आवाज, "लय भारी! हालू नको, हालू नको." टिंगल कुठेही नाही. जे दिसलं त्याचा आनंद आहे. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच कुणीतरी निरीक्षण केलं होतं.

ते मिनिटभराचं चित्र एका मोबाईलवरून दुसऱ्यावर गेलं आणि दोन दिवसांत कॅन्टीनमध्ये पोचलं. मी चहा घ्यायला गेलो तर एका पोरानं भज्याचं टोक चिमटीनं मोडलं, टचकन मागे उडवलं आणि म्हणाला, "हे नको." सगळं कॅन्टीन खिदळलं.

इथपर्यंतची चूक मूर्खपणाची होती. यापुढची नालायकपणाची आहे आणि तिच्याबद्दल मी स्वतःला कधी हसू शकलो नाही.

मी तडक विभागप्रमुखांकडे गेलो आणि तक्रार केली. "जरा समज द्या तिला," एवढंच म्हणालो. एवढंच! आगकाडी टाकणारा नेहमी एवढंच करतो.

विभागप्रमुखांना शिस्त फार आवडायची, कारण तिच्यासाठी विषय यावा लागत नाही. त्यांनी वैशालीला बोलावलं. मीही तिथंच खुर्चीत.

"शिक्षकाची टवाळी करायला प्रयोगशाळा दिलीय का तुम्हाला? कॉलेजात मोबाईल आणता! कुणाच्या परवानगीनं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. त्यात काचेचं फूल होतं, लाल.

"पहिलं चित्रण मला माहीत होतं," मी म्हणालो. "दुसऱ्याची कल्पना नव्हती."

शब्दशः खरं होतं. खोटं बोलायचं नसलं की माणूस असं खरं बोलतो.

"आणि मागचा हा आवाज कुणाचा?" प्रमुखांनी विचारलं. आवाज पगारे मामांचा होता हे मी झोपेतही ओळखलं असतं. मी गप्प बसलो. माझ्या भित्रेपणाचा आयुष्यात एकदा कुणाला तरी उपयोग झाला.

निकाल असा लागला की वैशालीनं लेखी माफी मागेपर्यंत तिच्या जर्नलवर प्रमुखांची सही होणार नाही. सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. बसता आलं नाही म्हणजे वर्ष गेलं. परीक्षा चार दिवसांवर.

ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "सर, वर्ष गेलं तर दुसरं वर्ष मला कोण देतंय? घरी बसवतील. मंडप तयारच हाय."

मी तिला सोडवायला निघालो, म्हणजे काय केलं तर माफीपत्र सांगायला बसलो. माझी मराठी चांगली. 'मी प्रयोगाचे चुकीचे चित्रण करून माननीय शिक्षकांची बदनामी केली.' ती लिहिता लिहिता थांबली.

"सर, मी दाखवलं ते खोटं होतं का?"

"नाही."

"मग 'चुकीचे' कशाला लिहू?"

"परीक्षेला बसायचंय ना? लिही."

तिनं लिहिलं. सुवाच्य, निळ्या शाईत, समास सोडून. आमच्या जर्नलांनी एवढं तरी शिकवलंच होतं तिला: जे बघितलं नाही ते नीट अक्षरात लिहायचं.

पगारे मामा पलीकडे फरशी पुसत होते. ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, उगाच, कुणाशी तरी बोलायचं म्हणून, "मामा, ती टोकं... तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून. तुमच्या आधीचे सर टोकच ठेवायचे. तुम्ही आलात तशी ती टोकं माझ्या झाडूत यायला लागली."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही प्राध्यापक, मी झाडणारा. तुम्ही विचारलं कुठं?" आणि बादली उचलून ते गेले.

त्यांच्यावरही मी चिडलो होतो तेव्हा. आता वाटतं, ज्या जागी बारा वर्षं झाडणाऱ्या माणसाला शिकवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं आणि त्याला तोंड उघडायची सोय नसते, त्या जागेला प्रयोगशाळा म्हणू नये. देऊळ म्हणावं. तिथं प्रश्न विचारत नाहीत.

परीक्षेला वैशाली बसली. तिला चिठ्ठीत तोच प्रयोग आला. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आलेल्या बाई तयार स्लाईडच्या चित्रांना कंटाळलेल्या होत्या. त्यांनी वैशालीच्या मायक्रोस्कोपात डोळा लावला आणि काढेचनात. मग मान वर करून म्हणाल्या, "वा! किती वर्षांनी कुणी खरं करून दाखवलं. इथं हे कोण शिकवतं?"

वैशाली शेजारी उभी होती, बोटं लाल.

"मी," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून कसा निघाला ते मला आजही सांगता येत नाही. घसा खाकरावा तसा निघाला.

आणि तरी हे सगळं परवडलं, असं वाटायला लावणारा प्रकार पुढच्या फेब्रुवारीत घडला. कॉलेज तपासायला बाहेरून मोठी समिती येणार होती. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, मुताऱ्यांना दारं. समितीला म्हणे 'नवे उपक्रम' बघायचे असतात. प्रमुखांनी मला बोलावलं. "अहो, ती गेल्या वर्षीची चित्रफीत आहे ना? विद्यार्थ्यांनी तयार केलेली? ती कुठंय?"

तीच! जिच्यासाठी माफीपत्र फायलीत लावलं होतं. तिला आता सीडीवर चढवलं गेलं. वैशालीचा आवाज काढला, कारण त्यात 'हाय' होतं. पगारे मामांचं 'लय भारी' काढलं. 'सरांनी फेकलेलं टोक' तर सगळ्यात आधी काढलं. त्या जागी एका आवाजदार मॅडमचं इंग्रजी निवेदन आलं आणि मागे बासरी. पेशी विभागतेय आणि बासरी वाजतेय! सुरुवातीला पाटी: संकल्पना, विभागप्रमुख. मार्गदर्शन, मी. चित्रण, 'आमचे विद्यार्थी'.

समिती खूश झाली. मला शाल मिळाली. पगारे मामांनी खुर्च्या उचलता उचलता विचारलं, "सर, पोरीचं नाव कुठंय?" मी म्हणालो, "वेळ कमी होता मामा." मिनिटभराचं चित्र ताणून सीडी सात मिनिटांची केली होती. नावाला किती वेळ लागतो? ज्या बंदीच्या फलकाचं निमित्त करून तिला धरलं होतं त्याच फलकासमोरून समिती वर गेली, आणि फलकालाही नवा रंग दिला होता. मला तो फलक उपटून कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. जवळचं डोकं माझंच होतं. मी शाल घेतली आणि घरी आलो. शाल चांगली आहे अजून. फेब्रुवारीच्या पहाटे पांघरतो आणि प्रत्येक वेळी टोचते. लोकर असेल.

सात-आठ वर्षांनी पगारे मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी रद्दीत निघालेल्या जुन्या फायलींतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. निळी शाई, समास सोडलेला. म्हणाले, "हे तुमच्याकडं राहू द्या. नायतर तिच्याकडं." वैशाली चांदवडला एका शाळेत बारावीला जीवशास्त्र शिकवते, हेही त्यांनाच माहीत होतं.

फेब्रुवारीच होता. एस.टी.नं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा. वाटेत मी मोठं भाषण तयार केलं होतं, त्यात 'अपराधी' हा शब्द तीनदा होता. शाळेत पोचलो तर वैशाली प्रयोगशाळेत, समोर पन्नास पोरं. एवढीशीच होती अजून. पण कुणी कुणाच्या माना बघत नव्हतं. टेबलावर लोखंडी स्टँडच्या चिमट्यात मोबाईल उलटा अडकवलेला, त्याची वायर भिंतीवरच्या टीव्हीला. टेबलावर जे होईल ते परातीएवढं मोठं भिंतीवर.

"या सर," ती म्हणाली. जणू मी परवाच भेटलो होतो.

मी कागद पुढे केला. भाषण विसरलो. "हे तुझं. म्हणजे... हे मी लिहायला हवं होतं."

तिनं उघडलं, पहिली ओळ वाचली, घडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकली. "बरं झालं आणलंत." बस्स. माफ केलं, नाही केलं, काही कळेना. त्याहून वाईट म्हणजे तिला घाई होती. पोरं थांबली होती. मी एवढा मोठा अपराध घेऊन आलो होतो आणि तिला तास संपायच्या आत मुळं रंगवायची होती.

"सर, आलाच आहात तर तुम्हीच दाखवा की," ती म्हणाली. आवाजात खोच होती का? मी बराच विचार केलाय त्यावर.

मी बाह्या सरसावल्या. रंगवलेलं मूळ काचपट्टीवर घेतलं. टीव्हीवर माझे दोन हात आले, प्रचंड, म्हातारे झालेले. नखं मात्र कापलेली. मी पोरांना सांगू लागलो, हे टोक बघा, सगळा खेळ या टोकात आहे, हे फार जपायचं असतं, माझ्यासारख्या माणसाला हे कळायला बारा वर्षं लागली... मनापासून बोलत होतो. आणि बोलता बोलता उजव्या हातानं ब्लेड घेतलं आणि टचकन ते टोक उडवलं.

हात सवयीचा गुलाम. भिंतीवर परातीएवढा लाल ठिपका काचेच्या कडेला जाऊन पडलेला दिसत होता. पन्नास पोरं एकमेकांकडे बघू लागली. वैशाली खिडकीबाहेर बघायला लागली, खांदे हलत होते.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, तुम्ही दर वर्षी सांगता ते टोक फेकणारे सर, ते हेच का?"